एम.ए.च्या पुस्तकातले बुचर : ॲरिस्टॉटल शिकवणारे आयरिश प्राध्यापक ब्रिटिश संसदेत गेले तेव्हा

इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. केलेल्या कुणालाही विचारा, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्याला चुकलेलं नसतं. अनुकृती, विरेचन, शोकनायकाची चूक हे सगळं पाठ करून पेपर लिहिलेला असतो. त्या इंग्रजी भाषांतराच्या मुखपृष्ठावर एक नाव हमखास दिसतं, एस. एच. बुचर. नाव वाचून पान उलटलं जातं. हा माणूस कोण होता, याचा पत्ता फारसा कुणाला नसतो.

तर हे बुचर मूळचे आयर्लंडच्या डब्लिन शहरातले. एकवीस वर्षं एडिंबरा विद्यापीठात ग्रीक शिकवलं आणि पन्नाशी उलटल्यावर थेट ब्रिटिश संसदेत खासदार म्हणून जाऊन बसले. आयर्लंडने ब्रिटनपासून वेगळं होऊ नये या बाजूचे ते होते. आणि त्यांच्याच सख्ख्या बहिणीच्या मुलीने त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत आयर्लंडच्या स्वयंसेवकांसाठी बंदुकांनी भरलेली बोट किनाऱ्याला लावली.

एका घरातल्या या दोन टोकांची गोष्ट समजून घ्यायची, तर सुरुवात डब्लिनपासून करावी लागते.

बिशपचा मुलगा

सॅम्युअल हेन्री बुचर यांचा जन्म 16 एप्रिल 1850 चा. वडिलांचंही नाव सॅम्युअल बुचर. ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते आणि 1866 मध्ये मीथचे बिशप झाले. आई मेरी लेही, केरी परगण्यातली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आयर्लंडमध्ये बहुसंख्य लोक कॅथलिक होते. जमीन, मोठी पदं, विद्यापीठ यांवर मात्र प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांचा वरचष्मा होता. बुचर कुटुंब या दुसऱ्या गटातलं. ज्या प्रोटेस्टंट चर्चचे वडील बिशप होते, ते तेव्हा आयर्लंडचं सरकारमान्य चर्च होतं. पण 1869 मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारने कायदा करून त्या चर्चचा सरकारी दर्जाच काढून घेतला. ऐन विशीत असलेल्या मुलाने पाहिलं की आपल्या समाजाच्या पायाखालची जमीन सरकते आहे, आणि ती लंडनच्या संसदेतल्या एका कायद्याने सरकते आहे.

शिक्षणासाठी मुलगा इंग्लंडला गेला. आधी मार्लबरो कॉलेज ही शाळा, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. 1873 मध्ये ते केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिन परीक्षेत पहिले आले. या मानाला तिथे सीनियर क्लासिक म्हणत. आपल्याकडे रँग्लर परांजपे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी 1899 मध्ये केंब्रिजच्या गणितात जो सीनियर रँग्लरचा मान मिळवला, त्याच तोडीचा हा भाषांमधला मान. त्यानंतर वर्षभर ईटनच्या शाळेत शिकवून 1874 मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले. म्हणजे राहायला जागा, जेवण, पगार आणि अभ्यासाला हवा तेवढा वेळ.

लग्न केलं आणि केंब्रिज सुटलं

पण त्या काळी या फेलोशिपला एक अट असायची. फेलो अविवाहित हवा. मठातल्या साधूंच्या काळापासून चालत आलेला हा नियम 1882 पर्यंत टिकला. लग्न केलं की फेलोशिप गेली.

1876 मध्ये बुचर यांनी लग्न केलं. मुलगी रोझ ट्रेंच, डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांची धाकटी लेक. हे सासरेबुवाही साधे नव्हते. इंग्रजी शब्दकोशांमध्ये काय काय कमी आहे, यावर 1857 मध्ये त्यांनी जे विवेचन केलं, त्यातूनच पुढे ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचं प्रचंड काम उभं राहिलं.

केंब्रिजची जागा सोडावी लागली, पण ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने या हुशार तरुणाला लग्नासकट आपल्याकडे घेतलं. त्याच वर्षी वडील वारले.

ऑक्सफर्डची ही वर्षं फार कामाची ठरली. 1879 मध्ये त्यांनी अँड्र्यू लँग या स्कॉटिश लेखकाबरोबर होमरच्या ओडिसीचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. हे लँग म्हणजे पुढे रंगांच्या नावांची परीकथांची पुस्तकं काढून जगभरच्या मुलांना माहीत झालेले. दोघांनी ठरवलं की होमर पद्यात आणायचा नाही, गद्यात आणायचा. त्यांचं म्हणणं असं की पद्यात भाषांतर करणारा प्रत्येक कवी आपल्या काळाची चव होमरमध्ये मिसळतो. एका पिढीला ते आवडतं, पुढच्या पिढीला जुनं वाटतं. गद्यात होमरचं संगीत हरवेल हे खरं, पण निदान गोष्ट तरी जशीच्या तशी पोहोचेल. त्यासाठी त्यांनी जुन्या इंग्रजी बायबलच्या वळणाची भाषा वापरली. आज ती जड वाटते, पण पुढची कित्येक दशकं इंग्रजी वाचकांसाठी ओडिसी म्हणजे हेच पुस्तक होतं.

दोन वर्षांनी, 1881 मध्ये, त्यांचं डेमॉस्थेनिसवरचं छोटं पुस्तक आलं. डेमॉस्थेनिस हा अथेन्सचा सगळ्यात मोठा वक्ता. मॅसिडोनियाचा राजा फिलिप एकेक शहर गिळत येत असताना भर सभेत लोकांना जागं करणारा. बुचर यांनी हा वक्ता आयुष्यभर सोडला नाही. पुढे ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध मालिकेसाठी त्याच्या भाषणांची मूळ ग्रीक संहिता त्यांनीच तपासून छापली. भाषणाने राज्य वाचवता येतं का, हा प्रश्न ज्याने इतकी वर्षं अभ्यासला, त्याला पुढे स्वतःलाच संसदेत उभं राहून बोलायचं होतं.

एडिंबऱ्यातली एकवीस वर्षं

1882 मध्ये एडिंबरा विद्यापीठातली ग्रीकच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. आधीचे प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी म्हणजे शहरातलं एक वल्लीच. त्यांच्या जागी आलेले बुचर फक्त बत्तीस वर्षांचे होते आणि स्वभावाने अगदी वेगळे, नेटके आणि अभ्यासू.

स्कॉटलंडची विद्यापीठं ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखी श्रीमंतांपुरती नव्हती. खेड्यापाड्यांतली, बेताच्या परिस्थितीतली मुलं तिथे येत, वर्गही मोठे असत. 1889 च्या कायद्याने स्कॉटलंडच्या विद्यापीठांची घडी नव्याने बसवण्यासाठी एक आयोग नेमला गेला, त्यात बुचर सदस्य होते. याच आयोगाच्या 1892 च्या नियमामुळे स्कॉटलंडच्या विद्यापीठांमध्ये स्त्रियांना पदवीची दारं उघडली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला 1948 उजाडावं लागलं, यावरून या नियमाची किंमत कळते.

आणि इथेच, 1895 मध्ये, त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं. एका बाजूला ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राची ग्रीक संहिता, समोर इंग्रजी भाषांतर आणि मागे त्यावरचे दीर्घ निबंध.

या निबंधांमध्ये एवढं काय होतं? ॲरिस्टॉटल म्हणतो की कला ही अनुकृती आहे. शब्दशः घेतलं तर कला म्हणजे नक्कल, असा अर्थ निघतो. बुचर यांनी सविस्तर दाखवलं की इथे नक्कल अभिप्रेत नाही. कवी जे घडलं ते सांगत नाही, जे घडू शकतं ते सांगतो. एका माणसाच्या गोष्टीतून सगळ्या माणसांचं काहीतरी दाखवतो.

दुसरा मुद्दा विरेचनाचा. शोकांतिका पाहताना करुणा आणि भीती जागी होते आणि त्यातून त्याच भावनांचं विरेचन होतं, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. जर्मन विद्वान याकोब बेर्नाइस यांनी दाखवलं होतं की हा शब्द वैद्यकातला आहे, पोट साफ होण्यासारखा. बुचर यांनी ते मान्य केलं, पण तिथेच थांबले नाहीत. त्यांच्या मते नाटक पाहताना भीतीमधला माझं कसं होईल हा खाजगी भाग गळून पडतो. माणूस स्वतःपुरता न राहता सगळ्यांच्या दुःखाशी जोडला जातो. आपल्याकडे भरताच्या रससिद्धान्तावर जी चर्चा झाली, तीत भावना खाजगी न उरता सर्वांची होते असं म्हटलं जातं. त्यामुळे भारतीय वाचकाला बुचर यांचं हे म्हणणं परकं वाटत नाही.

पुढच्या अभ्यासकांनी बुचर यांच्यावर टीकाही केली. त्यांनी ॲरिस्टॉटलला एकोणिसाव्या शतकाचा कोट चढवला, असं म्हटलं गेलं. तरी पुस्तक टिकलं. भारतातल्या विद्यापीठांमधून ते पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं. मराठीत विंदा करंदीकरांनी 1957 मध्ये ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणलं, तोवर आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांसाठी ॲरिस्टॉटलकडे जाणारा रस्ता इंग्रजीतूनच होता.

पत्नी गेली, एडिंबराही सोडलं

1902 मध्ये रोझ बुचर वारल्या. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी बुचर यांनी प्राध्यापकीचा राजीनामा दिला आणि लंडनला राहायला आले. वय 53.

कुणाला वाटलं असतं की आता हा माणूस पुस्तकांत गुरफटून घेईल. झालं उलटंच. 1903 मध्ये ग्रीक-लॅटिनच्या शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये क्लासिकल असोसिएशन ही संस्था निघाली, तिच्या उभारणीत ते पुढे होते. 1904 मध्ये अमेरिकेत जाऊन हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली. आणि याच काळात त्यांना परत ओढून घेतलं ते आयर्लंडने.

आयर्लंडचा विद्यापीठाचा तिढा

तिढा असा होता. डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज 1592 पासूनचं, पण ते प्रोटेस्टंटांचं. 1873 मध्ये तिथल्या धार्मिक अटी निघाल्या, तरी कॅथलिक धर्मगुरू आपल्या मुलांना तिथे पाठवायला तयार नव्हते. 1845 मध्ये सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे इथे धर्मनिरपेक्ष कॉलेजं काढली, तर त्यांना देव नसलेली कॉलेजं म्हणून हिणवलं गेलं. 1854 मध्ये कॅथलिकांनी स्वतःचं विद्यापीठ काढलं, पण सरकारने त्याच्या पदव्या मान्य केल्या नाहीत. 1873 मध्ये ग्लॅडस्टन यांनी सगळ्यांना एका छत्राखाली आणायचं विधेयक मांडलं, ते अवघ्या तीन मतांनी पडलं. पुढे रॉयल युनिव्हर्सिटी निघाली, पण ती फक्त परीक्षा घेणारी संस्था.

याचा परिणाम काय? बहुसंख्य समाजातल्या हुशार मुलांना आपल्याच देशात मनासारखं विद्यापीठ नाही. देशाचा कारभार उद्या कुणी चालवायचा, हा प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबत होता.

1901 मध्ये या प्रश्नावर शाही आयोग नेमला गेला. त्यात बुचर होते. 1906 मध्ये खुद्द ट्रिनिटी कॉलेजच्या कारभारावर दुसरा आयोग बसला. त्यातही बुचर होते.

पदवीधरांचा खासदार

डिसेंबर 1905 मध्ये केंब्रिजचे ग्रीकचे प्राध्यापक सर रिचर्ड जेब वारले. सोफोक्लीसच्या नाटकांचे ते त्या काळातले सर्वांत मोठे अभ्यासक, आणि त्याच वेळी केंब्रिज विद्यापीठाचे खासदारही.

विद्यापीठाचा खासदार म्हणजे काय? आपल्याकडे विधान परिषदेत पदवीधर मतदारसंघ असतो, तशीच सोय ब्रिटनच्या लोकसभेत, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये होती. केंब्रिजला 1603 पासून दोन जागा होत्या. तिथले पदवीधर देशात कुठेही राहत असले तरी या जागांसाठी मत देत. आयझॅक न्यूटन याच मतदारसंघातून निवडून आले होते. ही पद्धत 1950 मध्ये बंद झाली.

1906 च्या निवडणुकीत बुचर युनियनिस्ट पक्षातर्फे उभे राहिले आणि जिंकले. युनियनिस्ट म्हणजे आयर्लंड आणि ब्रिटन यांचं एकच राज्य राहावं असं मानणारे. समोरचा पक्ष होमरूलवाल्यांचा, आयर्लंडला स्वतःची संसद हवी म्हणणारा. होमरूल हा शब्द आपल्याला लोकमान्य टिळकांमुळे माहीत आहे. टिळकांनी आणि ॲनी बेझंट यांनी 1916 मध्ये आपापल्या संघटनांना हे नाव दिलं, ते याच आयरिश चळवळीवरून.

बुचर यांच्यासारख्या माणसांची भीती समजून घेण्यासारखी आहे. डब्लिनला संसद आली तर प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांचं काय, हा त्यांच्या घरचा प्रश्न होता. त्यांचे धाकटे भाऊ जॉन हेही यॉर्कचे युनियनिस्ट खासदार होते आणि पुढे लॉर्ड डेन्सफोर्ट झाले. पण बुचर यांचं राजकारण नुसत्या नकाराचं नव्हतं. कॅथलिकांच्या शिक्षणाची अडचण दोन आयोगांवर बसून त्यांनी कागदोपत्री पाहिली होती.

1908 मध्ये आयरिश युनिव्हर्सिटीज विधेयक संसदेत आलं. मांडणारे होते उदारमतवादी मंत्री ऑगस्टिन बिरेल. ट्रिनिटीला हात न लावता डब्लिन, कॉर्क आणि गॉलवेच्या कॉलेजांचं नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड करायचं आणि बेलफास्टला स्वतंत्र क्वीन्स युनिव्हर्सिटी द्यायची, असा तो तोडगा. या विषयावर सभागृहात मोजकेच लोक अधिकाराने बोलू शकत होते, आणि बुचर त्यांतले एक होते. विधेयक मंजूर झालं. साठ वर्षांहून अधिक काळ रखडलेला प्रश्न मार्गी लागला.

गंमत अशी की ब्रिटनपासून वेगळं न होऊ पाहणाऱ्यांच्या काळात झालेल्या या कायद्याने वेगळं होऊ पाहणाऱ्या पिढीलाच घर दिलं. नॅशनल युनिव्हर्सिटीच्या डब्लिनच्या कॉलेजात आयर्लंडच्या प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक झाले ते ओइन मॅकनील, जे 1913 मध्ये आयरिश स्वयंसेवक दलाचे प्रमुख बनले. आणि 1921 मध्ये याच विद्यापीठाचे कुलपती झाले एमन डी व्हॅलेरा.

शेवटची दोन वर्षं

1909 मध्ये बुचर ब्रिटिश अकादमीचे अध्यक्ष झाले. मानव्यविद्यांमधली ही ब्रिटनची सर्वोच्च संस्था. तिचे पहिले अध्यक्ष लॉर्ड रे हे मुंबईचे माजी गव्हर्नर, मुंबईतलं रे रोड स्टेशन ज्यांच्या नावाने आहे तेच.

1910 साली ब्रिटनमध्ये दोनदा निवडणुका झाल्या, जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये. दोन्ही वेळा उदारमतवादी आणि युनियनिस्ट जवळपास बरोबरीत आले आणि सरकारच्या चाव्या आयरिश पक्षाच्या हातात गेल्या. होमरूल आता टळणार नाही, हे सगळ्यांना दिसू लागलं. बुचर दोन्ही वेळा केंब्रिजमधून निवडून आले, पण नव्या संसदेत त्यांना बसता आलं नाही. 29 डिसेंबर 1910 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते लंडनमध्ये वारले. एडिंबऱ्याच्या डीन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आलं. त्यांच्या जागेवर 1911 मध्ये निवडून आले जोसेफ लार्मर, तेही आयरिश, तेही केंब्रिजचे प्राध्यापक, फक्त विषय गणित आणि भौतिकशास्त्र.

आणि ती बोट

बुचर यांची बहीण एलिझाबेथ लिमरिक परगण्यातल्या लॉर्ड माँटीगल यांना दिलेली. त्यांची मुलगी मेरी स्प्रिंग राईस. मामासारखीच बड्या प्रोटेस्टंट घरातली, पण ती आयरिश भाषा शिकली आणि राष्ट्रवादी बनली.

1912 मध्ये तिसरं होमरूल विधेयक आलं. एप्रिल 1914 मध्ये उत्तरेतल्या अल्स्टरच्या युनियनिस्टांनी ते हाणून पाडण्यासाठी हजारो रायफली चोरून आणल्या. आता दुसऱ्या बाजूनेही शस्त्रं हवीत असं ठरलं. ती खाजगी शिडाच्या बोटींतून आणायची कल्पना मेरीची. लेखक अर्स्किन चिल्डर्स यांच्या ॲसगार्ड नावाच्या बोटीवर ती स्वतः गेली. हॅम्बुर्गहून आलेल्या टगबोटीवरून भर समुद्रात रायफली चढवल्या. 26 जुलै 1914 रोजी भर दिवसा डब्लिनजवळच्या हाऊथ बंदरात ॲसगार्डमधून 900 रायफली उतरल्या. त्याच दिवशी डब्लिनच्या रस्त्यावर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. दोन वर्षांनी, 1916 च्या ईस्टरच्या उठावात, हाऊथच्या रायफली लढल्या.

मामाने सगळं आयुष्य या विश्वासावर घालवलं की आयोग, अहवाल, भाषणं आणि कायदे यांच्या जोरावर दोन समाज एका राज्यात राहू शकतात. विद्यापीठाच्या बाबतीत तो मार्ग चालला, पण त्याला साठ वर्षं लागली. बाकीच्या प्रश्नांसाठी आयर्लंड तेवढं थांबायला तयार नव्हता. मेरी 1924 मध्ये क्षयाने वारली, पण त्याआधी तिने स्वतंत्र झालेला आणि फाळणी झालेला आयर्लंड पाहिला.

ॲसगार्ड बोट आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात डागडुजी करून ठेवलेली आहे. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंड अजून पदव्या देते. आणि मुंबई-पुण्यापासून दूरच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात ॲरिस्टॉटलचा तास सुरू असेल, तर बाकावर उघडलेल्या पुस्तकावर नाव बहुधा त्याच आयरिश प्राध्यापकाचं असतं.